दिसायला देखणा बॅफल आणि त्यातले खड्डे

हे प्रकरण माझ्याच ओपन बॅफल स्पीकरचं आहे, म्हणजे मागे डबा नाही, नुसती एक फळी (तिलाच बॅफल म्हणतात) आणि तिच्यावर आवाज काढणारे ड्रायव्हर, त्यामुळे चूक कुणाची यावर वाद नाही. पहिल्या खेपेला मी बॅफल डोळ्यांनी आखला, म्हणजे कागदावर फळी काढली, मधोमध उभी रेघ मारली आणि सगळे ड्रायव्हर त्या रेघेवर ओवून टाकले. वर एक बारा इंची वूफर (खालच्या, जाड आवाजाचा), खाली एक बारा इंची वूफर, दोघांच्या मध्ये आठ इंची मिड (मधल्या आवाजाचा) आणि मिडच्या डोक्यावर ट्विटर (बारीक आवाजाचा). वरून खालून सारखं, डावी उजवी सारखी, पॉलिश केल्यावर तर इतका झकास दिसायला लागला की आवाज कसा आहे हे नीट ऐकायच्या आधीच मी खूश होऊन बसलो होतो.

मापं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट मापांचीच आहे. १८ मिमी प्लाय, रुंदी ५० सेमी, उंची १२० सेमी. खालच्या वूफरचं केंद्र जमिनीपासून २० सेमीवर, वरच्याचं १०० सेमीवर, मिडचं ५७ वर आणि ट्विटरचं ७६ वर. मिड आणि ट्विटरमध्ये केंद्र ते केंद्र १९ सेमी, खरं तर १६ मध्ये बसले असते पण मध्ये थोडी मोकळी जागा बरी दिसते म्हणून ठेवली (हे "बरी दिसते" या प्रकरणात बऱ्याचदा येणार आहे). क्रॉसओव्हर, म्हणजे कुठला आवाज कुठल्या ड्रायव्हरकडे जायचा ती वाटणी, डीएसपी या डिजिटल प्रोसेसरमधून, वूफर ते मिड २५० हर्ट्झ, मिड ते ट्विटर २५०० हर्ट्झ. वूफरचा क्यूटीएस (त्याचा शंकू हलताना किती आवरला जातो ते सांगणारा आकडा) ०.७ च्या आसपास, म्हणजे ओपन बॅफलला चालणारा. ड्रायव्हर सगळे चांगले होते, त्यांच्यावर ढकलायला काही जागाच नव्हती.

ऐकायला बसलो तर पहिली पाच मिनिटं भारी वाटलं, कारण डबा नसल्यामुळे तो डब्याचा घुमणारा आवाज नसतो, सगळं मोकळं मोकळं येतं. मग हळूहळू खटकायला लागलं. पुरुषाचा आवाज पातळ, छातीतून न येता घशातूनच येतोय असा. तबला वाजतो पण डग्गा लांब कुठंतरी. आणि मित्र ऐकायला आला होता तो पाणी प्यायला उठला आणि उभ्याउभ्याच थांबला, परत बसला, परत उठला. म्हणाला, "अरे, मी उभा राहिलो की ही गाणारी बाई तोंडावर रुमाल धरते."

मी त्याला हसलो आणि दुसऱ्या दिवशी एकटाच उठबस करून बघितली. रुमाल होता.

आता माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो, तर इक्यू उघडतो, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीचा आवाज कमी-जास्त करायचं साधन. माइक लावला, ग्राफमध्ये जिथं जिथं खड्डा दिसला, म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीला आवाज कमी होता, तिथं तिथं तेवढाच बूस्ट दिला. १२५० हर्ट्झला ५ डीबी, ४३० ला ६ डीबी, २५० ला ६ डीबी. ग्राफ सरळ झाला, मी परत खूश, आणि आवाज आधीपेक्षा वाईट. आधी निदान पातळ होता, आता पातळ आणि वर टोचणारा. दोन आठवडे मी त्या इक्यूशी खेळत बसलो, एक एक डीबी वर खाली, आणि ते दोन आठवडे सरळ पाण्यात गेले.

का गेले ते समजायला ओपन बॅफलमध्ये काय चाललेलं असतं ते दोन ओळींत बघू. ड्रायव्हरचा हलणारा शंकू, म्हणजे कोन, पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते, म्हणजे मागून जो आवाज निघतो तो पुढच्याच्या बरोबर उलटा. डबा नसल्यामुळे हा मागचा आवाज कडेला वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्यात मिसळतो. वळसा अर्ध्या तरंगलांबीइतका पडला तर उलट्याचं सुलट होतं आणि दोघं मिळून जोर वाढतो, ६ डीबीपर्यंत. वळसा पूर्ण तरंगलांबीइतका पडला की परत उलटाच्या उलटा, आणि दोघं एकमेकांना खातात. तरंगलांबी वळशाच्या मानाने खूप मोठी असली, म्हणजे बासमध्ये, तेव्हा तर जवळजवळ सगळंच कटतं आणि प्रत्येक ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की, ६ डीबीने आवाज उतरत जातो. हा वळसा म्हणजे ड्रायव्हरच्या केंद्रापासून कडेपर्यंतचं अंतर. म्हणून ओपन बॅफलमध्ये ड्रायव्हर कुठं बसवला हाच त्याचा अर्धा क्रॉसओव्हर असतो, आणि मी तो पट्टी धरून सौंदर्यासाठी ठरवला होता.

आता इक्यूचं. बासमधला तो ६ डीबीचा उतार इक्यूने भरता येतो, कारण तो सगळ्या दिशांना सारखाच असतो, फक्त कोनला जास्त पळावं लागतं. पण दोन आवाज भेटून एकमेकांना खातात तो खड्डा एका ठरावीक दिशेलाच असतो. मी समोर बसलो तर दोन्ही कडांचा वळसा सारखा, खड्डा खोल. तीस अंश बाजूला सरकलो की एका कडेचा वळसा लहान होतो, दुसऱ्याचा मोठा, खड्डा पसरून जातो. मग समोरचा खड्डा भरायला दिलेले ५ डीबी बाजूला जाऊन ५ डीबीची टेकडी होतात, आणि खोलीतल्या भिंती तीच टेकडी माझ्याकडे परत पाठवतात. टोचत होतं ते हेच. ग्राफ सरळ होता तो फक्त माइकच्या टोकाला.

तेव्हा इक्यू सगळा काढून टाकला आणि प्रत्येक खड्ड्याचा मालक कोण ते शोधायचं ठरवलं. आधी हे करायला पाहिजे होतं, असो. आरईडब्ल्यू हे मोजायचं सॉफ्टवेअर आणि एक कॅलिब्रेटेड माइक, एवढंच सामान. दोन प्रकारे मोजलं. एक म्हणजे १ मीटरवरून, जमिनीवरून येणारा आवाज गेट लावून कापून (गेट म्हणजे पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांनंतर येणारं सगळं टाकून द्यायचं), म्हणजे फक्त बॅफलचा स्वतःचा स्वभाव दिसतो. पण मिड एवढ्या खाली असला की जमिनीचा आवाज दोन मिलिसेकंदांच्या आतच येऊन धडकतो, त्यामुळे या मोजमापात ५०० हर्ट्झच्या खालचं काही खरं मानायचं नाही. दुसरं मोजमाप बसायच्या जागेवरून, अडीच मीटरवर, कानाच्या उंचीला म्हणजे ९५ सेमीवर, गेट न लावता, जे काय येईल ते.

१ मीटरच्या ग्राफमध्ये एकच ठळक खड्डा होता, १२५० चा. मिडचं केंद्र डाव्या कडेपासून २५, उजव्या कडेपासूनही २५. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर २५ सेमीला १३७६ हर्ट्झ येतात, माइक १ मीटरवरच असल्यामुळे कडेपासून माइकपर्यंतचं अंतर सरळ अंतरापेक्षा तीन सेमीने जास्त, तो वळसा २८ धरला की १२२५. जमलं. तरी खात्री म्हणून एक पुठ्ठा घेतला, १२ सेमी रुंदीची पट्टी कापली आणि मास्किंग टेपने फक्त उजव्या कडेला चिकटवली. बाकी काहीही न हलवता परत मोजलं. खड्डा निम्म्याहून कमी झाला आणि त्याची रुंदी वाढली. पुठ्ठा काढला, खड्डा परत आला. दोन टेपचे तुकडे आणि एक पुठ्ठा, आणि मी दोन आठवडे डीएसपीमध्ये डोकं घालून बसलो होतो.

म्हणजे मधोमध रेघेवर बसवणं हीच चूक. दोन कडा सारख्या अंतरावर असल्या की दोघींचा खड्डा एकाच जागी पडतो. गोल बॅफलच्या मधोमध ड्रायव्हर बसवला तर याहून वाईट, तिथं सगळी कडच सारख्या अंतरावर. हॅरी ओल्सन या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने फार पूर्वी वेगवेगळ्या आकारांचे डबे घेऊन मोजमापं केली होती, त्यातही गोल तोंडाच्या मधोमध ड्रायव्हर बसवलेला प्रकार वाईटांतच निघाला होता. माझी फळी लांबट होती म्हणून वर-खालच्या कडा लांब पडल्या आणि खड्डा ५ डीबीवर निभावला.

४३० चा खड्डा मात्र चावट निघाला. तो १ मीटरच्या मोजमापात दिसायलाच नको होता आणि दिसत नव्हताच, बसायच्या जागेवर मात्र स्पष्ट. तेव्हा स्पीकर मागच्या भिंतीपासून ४० सेमीवर होते. मागचा आवाज भिंतीला लागून परत यायला ८० सेमी जास्त चालतो, तो उलटा असतो, त्यामुळे तरंगलांबी ८० सेमी असते तिथं तो पुढच्याला खातो, आणि ८० सेमी म्हणजे ४३० हर्ट्झ. सापडला चोर म्हणून स्पीकर ओढून भिंतीपासून १ मीटर १० सेमीवर आणले. खड्डा अर्धा भरला. अर्धाच.

इथं मी जवळजवळ सोडून देणार होतो, म्हटलं अर्धा गेला हेही नसे थोडके. पण मग हिशोब केला की मिड ५७ सेमीवर आहे, कान ९५ वर, अडीच मीटरवर, तर जमिनीला लागून येणारा आवाज सरळ येणाऱ्यापेक्षा साधारण ४० सेमी जास्त चालतो. तो उलटा नसतो, त्यामुळे अर्ध्या तरंगलांबीला खातो, म्हणजे ४३३. दोन वेगळी कारणं एकाच जागी येऊन बसली होती! पडताळणी सोपी होती, दोघांनी मिळून आख्खा बॅफल उचलून ३० सेमी उंच स्टुलांवर ठेवला, मित्राने मागून धरून ठेवला कारण तो डुलत होता. उरलेला खड्डा ४३० वरून सरकून ३०० च्या खाली गेला. म्हणजे जमीनच. आणि गंमत म्हणजे १ मीटरवरून मोजलं तर तो १२५० वाला तसूभरही हलला नव्हता, तो फळीचा होता, जमिनीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

तिसरा २५० चा. याच्यावर मी जास्त वेळ घालवला नाही, वरच्या वूफरची वायर काढली आणि मोजलं. बासमध्ये आवाज ६ डीबीने उतरला, उतरणारच, दोनातला एक गेला. पण २५० च्या आसपास काहीच फरक नाही! म्हणजे तिथं तो वूफर असून नसल्यासारखा होता. १०० सेमी उंचीवरून त्याचा जमिनीवरून येणारा आवाज ६७ सेमी जास्त चालतो, खड्डा २५७ ला, आणि मी क्रॉसओव्हर ठेवला होता बरोबर २५० ला. खालच्या वूफरला हीच भानगड १२०० च्या वर जाऊन होते, जिथं तो वाजतच नाही. जमिनीजवळच्या वूफरला जमीन मदत करते, खालून वळसा घालायला वाट उरत नाही आणि वर त्याचं प्रतिबिंब त्याच्याच बाजूने वाजतं. वरचा वूफर मी या मदतीतून बाहेर काढून कानाच्या समोर टांगून ठेवला होता. का, तर बरा दिसतो.

राहिला रुमाल. २५०० हर्ट्झची तरंगलांबी पावणेचौदा सेमी आणि मिड-ट्विटरमधलं अंतर १९, म्हणजे तरंगलांबीच्या सव्वापटीपेक्षाही जास्त. डिले, म्हणजे दोघांचे आवाज एकाच वेळी पोचावेत म्हणून द्यायचा उशीर, मी १ मीटरवर ट्विटरसमोर माइक ठेवून जुळवला होता, बसल्या जागी तो बऱ्यापैकी जुळत होता. पण उभं राहिलं, कान १५५ सेमीवर गेला, की मिडचा आवाज ट्विटरच्या मानाने साडेचार सेमी उशिरा येतो, जवळजवळ तरंगलांबीचा तिसरा हिस्सा, आणि क्रॉसओव्हरच्या जागी ६ डीबी गायब. नेमकी जिथं शब्दांची व्यंजनं असतात ती जागा. मित्राच्या कानाला मानलं पाहिजे.

एवढं कळल्यावर जुना बॅफल वाचवण्यात अर्थ नव्हता. पण या वेळी प्लायला हात लावायच्या आधी पुठ्ठा. जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून वरचा भाग केला, मिड आणि ट्विटर त्यात बसवले, खालून लाकडी पट्ट्यांचा टेकू. पुठ्ठा बासला चालत नाही, थरथरतो, पण ५०० हर्ट्झच्या वर कडेचं अंतर काय करतं ते बघायला पुठ्ठा एकदम पुरेसा. विट्युक्सकॅड या स्पीकर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपन बॅफलच्या कडांचा हिशोब करता येतो, तोही केला, पण खरं सांगायचं तर माझा विश्वास पुठ्ठ्यामुळे बसला. कटरने एका बाजूची दोन दोन सेमी कापत गेलो आणि प्रत्येक कापाला मोजत गेलो, सात काप, सात ग्राफ.

शेवटी जी मांडणी ठरली ती अशी. दोन्ही वूफर खाली, एकावर एक, केंद्रं १८ आणि ५० सेमीवर. हा खालचा भाग ५० सेमी रुंद आणि ६६ सेमी उंच. वरच्या म्हणजे ५० वाल्या वूफरचा जमिनीचा खड्डा हिशोबाने ४९० च्या आसपास पडतो, तोपर्यंत त्याचं काम संपलेलं असतं. त्याच्या वर २८ सेमीची अरुंद फळी, मिड ८० सेमीवर, ट्विटर ९६ वर, म्हणजे ट्विटर कानासमोर आणि दोघांच्या कडा एकमेकींना टेकलेल्या, मध्ये १६ सेमी. मिडचा स्वतःचा जमिनीचा खड्डा आता ३१४ ला येतो, तो टाळता येत नाही, मिड कुठंतरी असणारच आणि जमीनही. म्हणून वूफर-मिडचा क्रॉसओव्हर मुद्दाम २५० वरून ३५० ला उचलला, म्हणजे ३१४ ला मुख्य काम वूफरचं आणि मिड तोवर उतरायला लागलेला.

मिड मधोमध नाही, हे सांगायची गरज नाही. एका कडेपासून १२ सेमी, दुसऱ्या कडेपासून १६. आठ इंचीची फ्रेमच साडेदहा सेमी त्रिज्येची, त्यामुळे याहून फार सरकवायला जागा नव्हती. आता दोन कडांचे खड्डे २१५० आणि २८५० च्या आसपास, वेगवेगळे, आणि मिड-ट्विटर क्रॉसओव्हर मी २००० ला आणला, म्हणजे खड्डे पडतात तिथं मिडची पाठवणी झालेली असते. हे तुमच्या ट्विटरला झेपणार असेल तरच, माझ्या ट्विटरचा रेझोनन्स, म्हणजे तो आपोआप घुमतो ती फ्रीक्वेन्सी, ७०० च्या खाली आहे आणि क्रॉसओव्हरचा उतार चौथ्या ऑर्डरचा म्हणजे तीव्र, त्यामुळे जमलं. ट्विटर मात्र मिडच्या बरोबर वर, त्याच उभ्या रेषेत, त्याला वेगळा सरकवला नाही, नाहीतर वर-खालची भानगड डावी-उजवीकडे जाऊन बसते आणि तिथं तर माणसं बसलेली असतात.

अरुंद फळीला खाली जोर कमी पडतो हे खरं. ३५० ला हिशोबाने २ डीबीच्या आसपास तोटा, तो इक्यूने भरला, तो सगळ्या दिशांचा तोटा आहे त्यामुळे भरायला हरकत नाही. लिंकविट्झ या स्पीकर डिझायनरने त्याच्या एलएक्स५२१ या ओपन बॅफल स्पीकरमध्ये वरची फळी ट्विटरकडे जाताना निमुळती केली आहे ती याच कारणाने, फ्रीक्वेन्सी वाढते तशी फळी अरुंद व्हायला हवी. मला आधी ते फॅशन वाटायचं, काय बोलणार.

खालच्या भागाला मागे दोन्ही बाजूंनी २० सेमीचे पंख लावले. सपाट फळीत वूफरचा वळसा २५ सेमी होता तो ४५ झाला आणि बासमध्ये ५ डीबीच्या आसपास मिळाले. ५ डीबी फुकट म्हणजे फार झालं, कारण ओपन बॅफलमध्ये एक ऑक्टेव्ह खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला आठपट पळावं लागतं, बंद डब्यात चारपट. फुकट असं काही नसतं म्हणा, पंखांमुळे मागे एक बोळ तयार होते आणि ती ३०० ते ४०० च्या मध्ये गुणगुणते, ग्राफमध्ये ४ डीबीचा फुगवटा आला. पण फुगवटा कापता येतो. एक कट, तेवढाच, बाजूला जाऊन मोजलं तर तिथंही सरळ.

खालचा वूफर उलटा बसवला, मॅग्नेट पुढे. कोन पुढे जाताना आणि मागे जाताना सगळेच ड्रायव्हर थोडे वेगळे वागतात, एक उलटा केला की दोघांच्या चुका एकमेकांना काही प्रमाणात मारतात, सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट फ्रीक्वेन्सीचे नको असलेले सूर) कमी होतात. काही जण सांगतात की यामुळे फळीची थरथरही जाते, तसं काही होत नाही, दोन्ही कोन शेवटी एकाच दिशेने हलतायत, धक्का तेवढाच. आणि अर्थात उलटा बसवल्यावर वायरही उलटी जोडायची असते. मी जोडली, पण अँपच्या बाजूलाही आणि ड्रायव्हरच्या बाजूलाही, म्हणजे परत सुलटी. लावलं तर बास नावाला नाही. दीड व्होल्टचा सेल घेऊन बसलो, दोन्ही वायर सेलला टेकवल्या, वरच्या वूफरचा कोन माझ्याकडे आला आणि खालचा आत गेला. खरं तर दोघांनीही माझ्याकडे यायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम, पण तोवर अर्धा तास मी नवीन मांडणीलाच शिव्या देत होतो.

दोन छोट्या गोष्टी ज्यांचा परिणाम छोटा नव्हता. एक, आठ इंची ड्रायव्हरसाठी १८ मिमी प्लायमध्ये भोक पाडलं की मागून तो बोगदाच होतो, मिडचा मागचा आवाज त्या बोगद्यातून निघतो. मागच्या बाजूने लाकूड कोरायचं राउटर मशीन फिरवून ४५ अंशांचा उतार काढला, स्क्रूच्या जागा तेवढ्या सोडून. मागून मोजलं तर १००० च्या वर ग्राफ स्वच्छ झाला. दुसरी, वरची फळी खालच्या भागाला जोडलेली नाही. ती वेगळ्या चौकटीवर उभी आहे, चौकट वूफरच्या भागावरून पुलासारखी जाते आणि मध्ये काडेपेटीच्या काडीएवढी फट. दोन बारा इंची वूफर फळी हलवतातच, ती थरथर मिडपर्यंत पोचू द्यायची कशाला. फटीत बोट घातलं तर खाली झिणझिण लागते आणि वर काही नाही.

डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांचे आरसे आहेत, म्हणजे मिड सरकवलाय तो दोन्हीकडे आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूलाही करून बघितला, स्पीकर अदलाबदल करून. ग्राफमध्ये फरक दिसला, कानाला मला तरी काही कळलं नाही. आत ठेवला.

मोजमापं. १ मीटरवरचा मधला भाग ४०० पासून ४००० पर्यंत अडीच डीबीच्या आत, इक्यूमध्ये सगळे मिळून चार फिल्टर, आधी अकरा होते. बसायच्या जागेवर २५० आणि ४३० चे खड्डे गेले, ३१० च्या आसपास ३ डीबीची खळगी राहिली, ती मी हात न लावता सोडली. उभं राहिल्यावर क्रॉसओव्हरच्या जागी जे ६ डीबी गायब व्हायचे ते आता २. पुरुषाचा आवाज पहिल्या मिनिटातच कळला, छाती परत आली.

मित्राला बोलावलं. तो काही न बोलता बसला, मग उठला, मग चालत चालत अगदी बाजूला जाऊन फळीच्या कडेला समांतर उभा राहिला जिथं ओपन बॅफलचा आवाज सगळ्यात कमी असतो, कारण तिथं पुढचा आणि मागचा बरोबरीने येऊन मिटतात. तिथून म्हणाला, "इथं मात्र फक्त च आणि स ऐकू येतायत." बरोबर होतं त्याचं. ट्विटर मागून बंद असतो, त्याला मागचा आवाजच नाही, त्यामुळे तो बाजूला मिटत नाही आणि बाकीचे मिटतात. मग मागच्या बाजूला तसाच दुसरा ट्विटर लावला, वायर उलटी करून, की त्याचाही आवाज इंग्रजी 8 च्या आकड्यासारखा पुढे-मागे पसरावा आणि बाजूला मिटावा. बाजूचा च-स बराच कमी झाला. समोर बसून फरक थोडाच, मागची भिंत जराशी लांब गेल्यासारखी वाटते इतकाच, आणि मागच्या ट्विटरचा आवाज पुढच्यापेक्षा ३ डीबी खाली ठेवला तेव्हा मला जास्त आवडला.

एक काम मात्र राहून गेलं होतं. सगळं जमलंय म्हणून ढोलाचं एक रेकॉर्डिंग जोरात लावलं आणि खालच्या उलट्या वूफरमधून टक असा आवाज आला, कोन टोकाला जाऊन आपटला. मॅग्नेट पुढे असल्यामुळे डोळ्यांना कोन नीट दिसत नाही, वरच्याकडे बघितलं तर तो हातभर अंतरावरून दिसेल इतका हलत होता आणि त्यातलं निम्मं ऐकूही येत नव्हतं. ३० हर्ट्झच्या खालचं अडवणारा चौथ्या ऑर्डरचा हायपास फिल्टर लावला. तोच ढोल, तेवढ्याच आवाजात, परत वाजवला. बोट कोनच्या रबराला हलकं लावून बसलो होतो, टक आला नाही.